साबळेचे दहा राष्ट्रीय विक्रम: ८:३० ते ८:०९ मधले एकवीस सेकंद आले कुठून?

मोकळंमैदान (धागाकर्ता)

अविनाश साबळेबद्दल मराठीत जे छापून येतं त्यात बीडमधलं मांडवा गाव, शाळेची पायपीट, महार रेजिमेंट, सियाचीन आणि मग थेट पदक. मधलं धावणंच गाळलेलं असतं. म्हणून हा धागा. आधी त्याचे ३००० मीटर स्टीपलचेसचे (पक्के अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत) विक्रम एका जागी लिहितो, चूक असेल तर सांगा.

आधीचा राष्ट्रीय विक्रम: गोपाल सैनी, ८:३०.८८, टोकियो, १९८१. त्यानंतर सगळे साबळेचे:

१) ८:२९.८० भुवनेश्वर, सप्टेंबर २०१८
२) ८:२८.९४ पतियाळा, मार्च २०१९
३) ८:२५.२३ दोहा, जागतिक स्पर्धेची हीट (प्राथमिक फेरी), १ ऑक्टोबर २०१९
४) ८:२१.३७ दोहा, तिथलीच फायनल, ४ ऑक्टोबर २०१९
५) ८:२०.२० पतियाळा, मार्च २०२१
६) ८:१८.१२ टोकियो ऑलिम्पिकची हीट, जुलै २०२१
७) ८:१६.२१ तिरुवनंतपुरम, मार्च २०२२
८) ८:१२.४८ रबात डायमंड लीग (अव्वल धावपटूंच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींची मालिका), जून २०२२
९) ८:११.२० बर्मिंगहॅम राष्ट्रकुल, ऑगस्ट २०२२
१०) ८:०९.९१ पॅरिस डायमंड लीग, जुलै २०२४

सदतीस वर्षं जागचा न हललेला आकडा सहा वर्षांत दहा वेळा हलला आणि २०.९७ सेकंदांनी खाली आला. आता माझे प्रश्न.

एक: हे सेकंद नेमके कशातून आले? सपाटीवरचा वेग वाढला, अडथळ्यांवरची सफाई वाढली, की नुसत्या चांगल्या शर्यती मिळाल्या?

दोन: २०२३ च्या जुलैत सिलेसियाला ८:११.६३ धावणारा माणूस ऑगस्टमध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत हीटमध्येच बाहेर जातो, आणि पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिम्पिकची फायनल गाठतो. फरक कशाचा?

तीन: तालुक्याच्या गावी मातीचं मैदान आहे, वॉटर जंपचा (अडथळ्यावरून पाण्यापलीकडे मारायच्या उडीचा) खड्डा नाही. तिथे पोरांना हा प्रकार शिकवायला सुरुवात कुठून करायची?

सियाचीनची गोष्ट माहीत आहे, ती नको.

स्टॉपवॉच

यादी बरोबर आहे. आता प्रत्येक विक्रमात आधीच्या आकड्यातून किती सेकंद गेले ते शेजारी मांडा: १.०८, ०.८६, ३.७१, ३.८६, १.१७, २.०८, १.९१, ३.७३, १.२८, १.२९.

तीनच आकडे मोठे आहेत. दोहाचे दोन आणि रबात. या तीन शर्यतींत मिळून ११.३० सेकंद गेले, म्हणजे एकूण सुधारणेच्या निम्म्याहून जास्त. भारतातल्या चारही विक्रमांची बेरीज फक्त ५.०२. परदेशातल्या सहांची १५.९५.

याचा अर्थ तो भारतात कमी मेहनत करत होता असा नाही. भारतात त्याच्या पुढे कुणीच नसायचं. स्टीपलचेसमध्ये एकट्याने धावणं हे सपाट शर्यतीपेक्षा जास्त महाग पडतं. वाऱ्याची आड मिळत नाही हे झालंच, पण वेग पकडून ठेवायचं सगळं ओझं स्वतःवर येतं आणि प्रत्येक अडथळ्यानंतर तो वेग थोडा सांडतो. पुढे चार जण असले की अडथळा ओलांडल्यावर आपोआप त्यांना गाठायला पाय उचलले जातात. एकटा असलात की ते दहा-पंधरा मीटर आळसात जातात, आणि असे पस्तीस अडथळे. पुढे कुणी नसताना ८:१६ काढणारा माणूस पुढच्या अडीच महिन्यांत रबातला ८:१२ काढतो, यात मला चमत्कार काही दिसत नाही.

दोहाच्या हीटचा किस्सा आकड्यांसाठीच सांगतो. त्या शर्यतीत इथियोपियाच्या धावपटूच्या पडण्या-धडपडण्यात साबळे दोनदा अडकला, अक्षरशः थांबल्यासारखा झाला, आणि तरी ८:२५.२३ आले. भारताने निषेध नोंदवला, तो मान्य झाला आणि त्याला फायनलमध्ये जादा जागा मिळाली. तिथे तेरावा आला, पण ८:२१.३७ मुळे ८:२२.०० ही टोकियो ऑलिम्पिकची पात्रता वेळ ओलांडली. तो निषेध फेटाळला गेला असता तर यादीतला चौथा आकडा नसता आणि टोकियोचं तिकीट पुढे कधीतरी भारतातल्याच शर्यतीत, एकट्याने धावून काढावं लागलं असतं.

प्रशिक्षकांचंही थोडक्यात. क्रॉसकंट्रीतून त्याला स्टीपलचेसकडे वळवलं ते लष्कराचे अमरीश कुमार यांनी. मध्ये काही काळ निकोलाय स्नेसारेव्ह, मग पुन्हा अमरीश कुमार, आणि नंतर अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला स्कॉट सिमन्स. कोलोरॅडो स्प्रिंग्ज सुमारे १८०० मीटर उंचीवर आहे. उंचीचा फायदा तिथे राहून महिनोन्महिने धावण्याने होतो. सियाचीनला पहारा देऊन होत नाही, तिथे कुणी इंटरव्हल (थांबून-थांबून वेगवान तुकडे धावणं) मारत नाही. (धागाकर्त्यांनी नको म्हटलं होतं, तरी एक वाक्य गेलंच.)

दोनशेचा_वळसा

स्टॉपवॉच यांच्याशी सहमत, पण 'चांगली शर्यत मिळाली' एवढ्याने ८:०९ होत नाही. चांगली शर्यत पेलायला सपाटीचा वेग लागतो. त्याचे सपाटीचे आकडे बघा.

नोव्हेंबर २०२०, दिल्ली अर्धमॅरेथॉन: १:००:३०. ६१ मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय.
मे २०२२, ५००० मीटर, कॅलिफोर्निया: १३:२५.६५. बहादूर प्रसाद यांचा १९९२ चा १३:२९.७० मोडला.
मे २०२३, ५००० मीटर: १३:१९.३०. (हा पुढे गुलवीर सिंगने मोडला.)

आता किलोमीटरमागे गती काढा. १३:१९.३० म्हणजे २:३९.९. स्टीपलचेसचे ८:०९.९१ म्हणजे २:४३.३. फरक साडेतीन सेकंदांपेक्षा कमी. म्हणजे सपाट ५००० ज्या गतीने तो धावतो, जवळपास त्याच गतीने तो अठ्ठावीस हर्डल आणि सात वॉटर जंप पार करतो. हे चांगल्या स्टीपलचेसरचं लक्षण मानतात. तंत्र कच्चं असलेल्या धावपटूत हा फरक सहज आठ-दहा सेकंदांवर जातो.

एकवीस सेकंदांना पस्तीस अडथळ्यांनी भागलं तर अडथळ्यामागे ०.६ सेकंद येतात. हा हिशोब लोक करतात आणि म्हणतात, बघा, सगळी सुधारणा तंत्राची. तसं नाही. सहा वर्षांत सपाटीची गतीसुद्धा वाढली आहे, वर ५००० चे आकडे त्याचा पुरावा. माझ्या मते मोठा वाटा सपाटीचा, आणि तंत्राचं काम एवढंच की ती कमाई अडथळ्यांवर उधळली गेली नाही.

बुटांचं कुणीतरी काढणारच, म्हणून आधीच. जाड फोमचे आणि कार्बन पट्टीचे स्पाइक्स याच काळात आले, त्यांचा थोडा हात असेल. पण स्टीपलचेसमध्ये त्यांचा फायदा लांब सपाट शर्यतींइतका दिसत नाही. सैफ सईद शाहीनचा २००४ चा जागतिक विक्रम ७:५३.६३. तो मोडायला २०२३ उजाडलं, इथियोपियाच्या लामेचा गिर्माने ७:५२.११ काढले. एकोणीस वर्षं, नवे बूट, आणि फरक दीड सेकंदाचा.

मोकळंमैदान (धागाकर्ता)

११.३० सेकंद तीन शर्यतींत, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण मग दुसरा प्रश्न आणखी टोकदार होतो. पुढे माणसं असली की हा धावतो, तर जागतिक स्पर्धेत पुढे जगातली सर्वोत्तम माणसं असतात. तिथे का अडतं?

स्टॉपवॉच

कारण ती माणसं तिथे वेळेसाठी धावत नाहीत.

डायमंड लीगला पेसर (पुढे राहून गती लावून देणारा धावपटू) असतो. पहिले दोन किलोमीटर ठरल्या गतीने निघतात, मागच्यांनी फक्त चिकटून राहायचं. साबळेसारख्या दमदार, एकसारख्या गतीच्या धावपटूला हे मानवतं. जागतिक स्पर्धेत आणि ऑलिम्पिकमध्ये पेसर नसतो.

युजीनच्या २०२२ च्या जागतिक स्पर्धेची फायनल घ्या. मोरोक्कोच्या एल बक्कालीने सुवर्ण जिंकलं ८:२५.१३ मध्ये. साबळे त्याच्या सहा आठवडे आधी ८:१२.४८ धावला होता, म्हणजे विजेत्याच्या वेळेपेक्षा तब्बल बारा सेकंद चांगला. तरी तो अकरावा आला, ८:३१.७५. ही वेळ २०१८ च्या त्याच्या भुवनेश्वरच्या पहिल्या विक्रमापेक्षाही हळू आहे! पंधरा जण घोळक्याने रखडत आले आणि शेवटच्या फेरीत एकदम सुटले. असल्या शर्यतीत ८:१२ ची ताकद कामाला येत नाही, शेवटच्या ४०० चा झटका लागतो. १५०० मीटरची पार्श्वभूमी असलेल्यांकडे तो असतो. साबळे क्रॉसकंट्रीतून आलाय.

आता बुडापेस्ट. तिथे नियम बदलला होता आणि याकडे फार कमी लोकांनी लक्ष दिलं. २०२२ पर्यंत प्रत्येक हीटमधले पहिले तीन आणि उरलेल्यांतून वेळेवर सहा, अशी पंधराची फायनल. २०२३ पासून वेळ बाद. तीन हीट, प्रत्येकीतून पहिले पाच, बस. साबळे आपल्या हीटमध्ये सातवा आला, ८:२२.२४. वेळेवर जाण्याची पळवाटच उरली नव्हती.

गंमत अशी की टोकियोला जुन्या नियमानेही तो चुकलाच. त्याची हीट भन्नाट वेगाने गेली, साबळे ८:१८.१२ काढून सातवा. फायनल न गाठलेल्यांत सर्वांत वेगवान तोच. तिसऱ्या हीटमधून थेट गेलेले तिघेही त्याच्यापेक्षा हळू होते.

पॅरिसला त्याने धडा घेतलेला दिसतो. हीटमध्ये सुरुवातीलाच पुढे जाऊन गती वर ठेवली, रखडू दिली नाही. मग पहिल्या पाचांत बसून राहिला आणि मागे पुरेसं अंतर आहे हे बघून शेवटी जोर न लावता पाचवा आला, ८:१५.४३. ऑलिम्पिक स्टीपलचेसच्या फायनलमध्ये पोचलेला पहिला भारतीय पुरुष. फायनलमध्ये ८:१४.१८, अकरावा. जिंकणाऱ्याची वेळ ८:०६.०५. म्हणजे तिथे मात्र अंतर झटक्याचं नव्हतं, सरळ आठ सेकंदांचं होतं.

बर्मिंगहॅमची शर्यत का जमली तेही यातच आहे. केनियाचे तिघे पुढे राहून गती चढी ठेवत होते, म्हणजे त्याला हवी तशी शर्यत. शेवटच्या फेरीपर्यंत कॉन्सेस्लस किप्रुतो मागे पडला, साबळेने एमॉस सेरेमला टाकलं आणि शेवटच्या सरळीत अब्राहम किबिवोतला जवळजवळ गाठलं. ८:११.१५ आणि ८:११.२०. पाच शतांश. त्या गतीला ही लांबी पाऊण हाताची, तीस-पस्तीस सेंटिमीटर. १९९८ पासून २०१८ पर्यंत राष्ट्रकुलच्या पुरुष स्टीपलचेसची सगळी, म्हणजे सगळी पदकं केनियाने नेली होती.

आशियात उलट. तिथे त्याच्याहून वेगवान कुणी नसतं म्हणून तो स्वतः पेसर होतो. २०२३ च्या आशियाई खेळांत हांगझौला पुढे निघाला तो निघालाच, ८:१९.५०, दुसरा जपानी आओकी ८:२३.७५. तीन दिवसांनी ५००० मध्ये रौप्य, १३:२१.०९.

तळटीप

एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो, कारण दर धाग्यावर ती चूक होते. 'आशियाई खेळांत स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकणारा पहिला भारतीय' असं लिहू नका. पहिला भारतीय *पुरुष*. सुधा सिंगने २०१० ला ग्वांगझौला जिंकलं होतं.

तसंच, ऑलिम्पिक स्टीपलचेसची फायनल साबळेच्या आठ वर्षं आधी आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या ललिता बाबरने गाठली होती. माण तालुक्यातलं मोही गाव. रिओ २०१६, हीटमध्ये ९:१९.७६ हा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम, फायनलमध्ये दहावी. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची फायनल गाठलेली पहिली भारतीय स्त्री. बीड आणि माण, दोन्ही दुष्काळी पट्टे आणि प्रकार पाण्यात उडी मारण्याचा. असो.

वॉटरजंप

तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळेना, म्हणून मी.

आधी मापं. सुताराला फुटात सांगितलेली बरी पडतात, कारण हा प्रकार मुळात फुटातच मोजलेला आहे. पुरुषांचा अडथळा ३ फूट (९१.४ सेंमी), स्त्रियांचा अडीच फूट (७६.२ सेंमी). वरची तुळई ५ इंच बाय ५ इंच चौकोनी. रुंदी किमान ३.९४ मीटर, म्हणजे तेरा फुटांना इंचभर कमी. वजन ८० ते १०० किलो. साध्या हर्डलसारखा तो धक्क्याने पडत नाही, पडतो तो धावणारा. खड्ड्याची लांबी अडथळ्यासकट १२ फूट (३.६६ मीटर). अडथळ्याच्या पायाशी पाणी सर्वांत खोल, नव्या नियमात ५० सेंमी, जुन्या खड्ड्यांत ७० सेंमी. तिथून तळ चढत जाऊन ट्रॅकला मिळतो. म्हणजे जितकं लांब पडाल तितकं पाणी कमी. सगळं तंत्र या एका उताराभोवती आहे.

सरावासाठी तेरा फुटांची रुंदी नको. सहा फुटांत भागतं, पण एका वेळी एकच पोरगं सोडा. तुळईच्या कडा रंध्याने हलक्या मारून घ्या, चिरा पडू देऊ नका. खाली वजन कमी पडत असेल तर पायावर वाळूची पोती टाका. अडथळा हलता कामा नये. हलणाऱ्या अडथळ्यावर पाय ठेवायची सवय लागली की खऱ्या अडथळ्यावर गुडघा फुटतो. उंची बदलता येईल अशी भोकं ठेवा, दोन फुटांपासून सुरुवात.

वॉटर जंपच्या जागी लांब उडीचा वाळूचा खड्डा वापरायचा. अडथळा वाळूच्या काठावर उभा करा, पुढे १२ फुटांवर चुन्याची रेघ. रेघेच्या अलीकडे एका फुटाच्या पट्ट्यात एक पाय पडला पाहिजे आणि दुसरा रेघेपलीकडे. ओल्या वाळूत ठसा स्पष्ट उमटतो, पोराला बोलून सांगावं लागत नाही.

पायरीने:

पहिले दोन आठवडे अडथळ्यावर पाय ठेवायचाच नाही. दोन फुटांचे चार अडथळे, पंधरा-पंधरा मीटरवर, सावकाश धावत वरून पार. मुद्दाम अंतर थोडं कमी-जास्त ठेवा, म्हणजे दोन्ही पायांनी टेक-ऑफ यायला लागतो. चारशे हर्डलसारखी ठरलेली पावलं इथे नसतात. घोळक्यात अडथळा ऐनवेळी दिसतो, त्या वेळी जो पाय पुढे येईल त्याने उडता आलं पाहिजे. एकाच पायाचा धावपटू अडथळ्याआधी तीन छोटी पावलं टाकून जुळवाजुळव करतो आणि तिथेच वेग मरतो.

टेक-ऑफ अडथळ्यापासून साधारण पाच फुटांवर. जवळून उडालं की उडी वर जाते, खाली येताना टाच दणकन आपटते आणि पुढची चार पावलं जातात. नजर अडथळ्यावर नको, पलीकडच्या दहा मीटरवर.

मग पाय ठेवून जाणं. टाच नाही, तळव्याचा पुढचा भाग, आणि तो तुळईच्या पुढच्या कडेला, स्पाइक्स कडेवर अडकतील असा. गुडघा वाकलेला, डोकं खाली. बहुतेक पोरं इथेच चुकतात: तुळईवर चढतात, सरळ उभी राहतात आणि तिथून खाली उतरतात. तुळईवरून शरीर पुढे सरकू द्यायचं, बुड तुळईच्या पलीकडे गेल्यावरच पायाने मागे रेटायचं. आधी रेटलं तर उडी वर जाते आणि पोरगं खोल पाण्यात पडतं. पाण्यात एकच पाय, घोट्याइतक्या पाण्यात, आणि तो टेकताक्षणी दुसरा कोरड्यावर. दोन्ही पाय पाण्यात पडले की शर्यत तिथे थांबून पुन्हा सुरू करावी लागते.

वेगही महत्त्वाचा. वॉटर जंपच्या आधीचे दहा-बारा मीटर किंचित वेग वाढवायचा असतो. भीतीने सगळे नेमके तिथेच कमी करतात.

एका सत्रात आठ ते दहा वॉटर जंप, त्यापेक्षा जास्त नाही, आणि आठवड्यातून एकदाच. दरवेळी शरीराचा सगळा भार उंचावरून एका पायावर येतो. नडगी आणि घोटे आधी तक्रार करतात, गुडघे नंतर. ओले बूट घालूनही महिन्यातून एकदा धावून बघा. मोजे शक्यतो नकोत, आणि बुटाची जाळी पाणी सोडणारी हवी.

शर्यतीची सवय लावायला: ६ × ४०० मीटर, प्रत्येकात तीन अडथळे, लक्ष्यगतीने, मध्ये २०० मीटर जॉगिंग. शेवटच्या दोन ४०० मध्ये अडथळ्यावरचं तंत्र मोडतं का ते बघा. मोडत असेल तर पुढच्या आठवड्यात चारच करा. थकलेल्या अवस्थेत चुकीचं तंत्र घोटवण्यात अर्थ नाही.

दोनशेचा_वळसा

वर 'लक्ष्यगती' आली म्हणून एक सापळा सांगतो. स्टीपलचेसची फेरी ४०० मीटरची नसते. वॉटर जंप वळणाच्या आत असेल तर फेरी सुमारे ३९६ मीटर, बाहेर असेल तर सुमारे ४१९ मीटर. आतल्या मांडणीत सात फेऱ्या म्हणजे साधारण २७७३ मीटर, उरलेले २२७ सुरुवातीला येतात आणि त्या तुकड्यात अडथळे नसतात. धावपटू निघून गेल्यावर ते ट्रॅकवर ओढून लावतात.

म्हणून ४०० ची वेळ लक्षात ठेवून फेरीवर स्टॉपवॉच दाबलं की फसता. आतल्या वॉटर जंपच्या ट्रॅकसाठी:

८:१० साठी: पहिले २२७ मीटर ३७.१, मग प्रत्येक फेरी ६४.७
८:३० साठी: ३८.६, मग ६७.३
१०:०० साठी: ४५.४, मग ७९.२

शेवटची ओळ शाळा-कॉलेजच्या पोरांसाठी. बहुतेक जण पहिले २२७ मीटर अडथळे नाहीत म्हणून ४० च्या आत काढतात आणि चौथ्या फेरीत ८५ वर येतात.

मोकळंमैदान (धागाकर्ता)

वॉटरजंप, सुताराला फुटात सांगायची युक्ती आवडली. मातीच्या मैदानावर चारशेची आखणी असेल तर वॉटर जंपची फेरी वेगळी आखावी लागेल का? आणि अजून एक. मोनॅकोला जुलै २०२५ मध्ये तो पडला ते पहिल्याच फेरीत, पहिल्याच वॉटर जंपवर. इतका अनुभवी माणूस तिथे कसा पडतो?

घोटा-गुडघा

मोनॅकोबद्दल. पहिली वॉटर जंप ही सगळ्यांत धोक्याची, अनुभव असो वा नसो. पंधरा-सोळा जण घोळक्याने येतात, अजून रांग पडलेली नसते. हर्डलपेक्षा वॉटर जंपची तुळई अरुंद असते, ३.६६ मीटर, म्हणजे एका वेळी चार-पाच जणांपुरतीच जागा. पुढच्याच्या पाठीमुळे तुळई शेवटच्या दोन पावलांपर्यंत दिसत नाही. त्यात डायमंड लीगची सुरुवात पेसरमुळे जोरात असते. पाय तुळईवर दोन बोटं इकडेतिकडे पडला तरी पुरतं. पॅरिस ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये जागतिक विक्रमवीर गिर्मासुद्धा अडथळ्यावर पडलाच, तोही शेवटच्या फेरीत.

साबळेच्या गुडघ्याचा एसीएल (सांधा धरून ठेवणारा अस्थिबंध) आणि मेनिस्कस (सांध्यातली कूर्चेची गादी) दुखावले, शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरची टोकियोची जागतिक स्पर्धा गेली. त्याआधी मे महिन्यात गुमीला आशियाई अजिंक्यपद त्याने ८:२०.९२ ने जिंकलं होतं, दीना राम यांच्या १९८९ नंतर पहिल्यांदाच भारतीय पुरुषाने.

एसीएलनंतर सरळ धावणं तुलनेने लवकर सुरू होतं. स्टीपलचेसला लागणारी गोष्ट वेगळी आहे: उंचावरून एका पायावर उतरून लगेच वेग पकडणं, तेही ओल्या, उताराच्या तळावर, थकलेल्या मांडीने. म्हणून परतीचा क्रम साधारण असा असतो. आधी सपाट धावणं, मग दोन्ही पायांवर उड्या, मग एका पायावर, मग दुसऱ्या पायाने टेक-ऑफ घेऊन कमी उंचीचे अडथळे, आणि सर्वांत शेवटी वॉटर जंप. दोन्ही मांड्यांच्या ताकदीतला फरक दहा टक्क्यांच्या आत आल्याशिवाय शेवटच्या पायरीवर जात नाहीत. नऊ महिन्यांच्या आत घाई केली तर पुन्हा फाटण्याचा धोका बराच वाढतो.

ज्यांची पोरं सरावात पडतात त्यांच्यासाठी: पडल्यावर गुडघ्यात 'कट' असा आवाज आला आणि काही तासांत सूज भरली तर बर्फ लावून घरी बसवू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी तेल-मालिश नको.

वॉटरजंप

मोकळंमैदान, मातीवर वेगळी फेरी आखायची गरज नाही. चारशेच्या फेरीतच साधारण ऐंशी-ऐंशी मीटरवर पाच जागा ठरवा, अंतिम रेषेपासून मोजल्यावर चौथी जागा वॉटर जंपची, म्हणजे दुसऱ्या वळणावर. तिथे साधा अडथळा ठेवून पुढे १२ फुटांवर चुन्याची रेघ मारा, आणि नियम एकच: या अडथळ्यावर पाय ठेवूनच जायचं, रेघेआधी एकच पाय टेकायचा. मैदान कडक असेल तर त्या पट्ट्यात खोरं मारून माती मोकळी करा आणि सरावाआधी बादलीभर पाणी शिंपडा. दर दहा-बारा उड्यांनंतर दंताळं फिरवा, नाहीतर आधीच्या ठशात घोटा मुरगळतो.

आणि शाळेच्या स्पर्धेत उतरवण्याआधी एक गोष्ट पक्की सांगून ठेवा: अडथळ्याच्या बाजूने पाय खाली लोंबकळला तर बाद. वरून गेलो म्हणून वाद घालतात, पण मागचा पाय तुळईच्या टोकाबाहेर, तिच्या वरच्या पातळीखालून गेला की पंच पिवळा झेंडा वर करतो. कडेने पळायची सवय असलेली पोरं यातच जातात. त्यांना सरावात तुळईच्या मधल्या दोन फुटांवर चुन्याचा पट्टा मारून तिथूनच पाठवा.